घडविणाऱ्याचे ऋण

'तुलना' हा शब्द आपल्या घरांतून सहसा चांगल्या अर्थाने वापरला जात नाही. परीक्षेचा निकाल लागला की शेजारच्या मुलाचे गुण आपल्या मुलाच्या गुणांशेजारी मांडले जातात, थोरल्या भावाचा दाखला धाकट्यास ऐकविला जातो, आणि एका सुनेचे कौतुक दुसरीच्या कानी पडेल अशा बेताने केले जाते. अशा तुलनेत दोघांना समजून घेण्याचा हेतू नसतो; एकाला वर चढवून दुसऱ्याला खाली बसविण्याचा असतो. तुलनेचा दुसराही एक प्रकार आहे. दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवायच्या त्या यासाठी, की एकटी पाहताना तिच्यात जे दिसले नसते ते दुसरीच्या उजेडात दिसावे. इंग्रजी साहित्याच्या वर्गात हा प्रकार रीतसर शिकविला जातो. त्यातील एका जोडीविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, कारण त्या जोडीतून निघणारा प्रश्न वर्गात संपत नाही. तो प्रत्येक कुटुंबाच्या उंबरठ्यापर्यंत येतो.

ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्यात बारावीच्या अखेरीस जी उच्च माध्यमिक प्रमाणपत्र परीक्षा घेतली जाते, तिच्या प्रगत इंग्रजीच्या अभ्यासक्रमात २००९ पासून काही वर्षे एक जोडी नेमलेली होती. मेरी शेली यांची १८१८ सालची कादंबरी 'फ्रँकेन्स्टाइन' आणि रिडली स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेला १९८२ सालचा चित्रपट 'ब्लेड रनर' या दोन कृती विद्यार्थ्यांनी एकत्र अभ्यासायच्या, आणि भिन्न काळांत जन्मलेल्या या कृतींत कोणती मूल्ये समान आहेत, कोणती बदलली व का बदलली, हे उत्तरपत्रिकेत मांडायचे, अशी अपेक्षा होती. दोहोंमध्ये १६४ वर्षांचे अंतर आहे. एक ग्रंथ आहे, दुसरा पडद्यावर पाहावयाचा. तरीही दोहोंच्या मुळाशी एकच कथा आहे: मनुष्याने मनुष्यासारखा एक जीव घडविला, आणि पुढे त्या जीवाने घडविणाऱ्याच्या दारी येऊन जाब विचारला.

ज्यांनी या कृती वाचल्या वा पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडे कथानक सांगणे अवश्य आहे. जिनिव्हाच्या एका सुखवस्तू घराण्यातील व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा तरुण जर्मनीतील इंगोलश्टाट येथे विद्यार्जनासाठी जातो. निर्जीवाला सजीव करण्याचे रहस्य त्याला सापडते. सुमारे दोन वर्षे अन्न-निद्रा विसरून तो मृतदेहांच्या अवयवांतून एक आठ फूट उंचीचा मानवाकार देह जुळवितो. नोव्हेंबरमधील एका रात्री तो देह डोळे उघडतो, आणि त्याच क्षणी निर्मात्याला त्याची किळस येते. व्हिक्टर आपल्या शयनगृहात पळून जातो. ते नवजात प्राणी त्याच्या बिछान्यापाशी येऊन हात पुढे करते. तेव्हा तो घरातूनच पळ काढतो. त्या प्राण्याला कादंबरीत शेवटपर्यंत नाव मिळत नाही. लोक आज ज्याला 'फ्रँकेन्स्टाइन' म्हणून ओळखतात, ते वास्तविक त्याला टाकून जाणाऱ्याचे आडनाव आहे.

'ब्लेड रनर' हा चित्रपट फिलिप के. डिक यांच्या १९६८ सालच्या कादंबरीवर आधारलेला आहे. १९८२ मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा त्याची कथा भविष्यातील, म्हणजे नोव्हेंबर २०१९ मधील लॉस एंजलिस नगरीत घडत होती. टायरेल नामक उद्योगपतीच्या कंपनीने हुबेहूब माणसांसारखे 'रेप्लिकंट' निर्माण केले आहेत. पृथ्वीबाहेरील वसाहतींत त्यांच्याकडून गुलामांप्रमाणे कामे करून घेतली जातात. त्यांच्या ठायी भावना उपजतील या भयाने त्यांचे आयुष्य अवघे चार वर्षांचे ठेवलेले आहे. त्यांपैकी काही बंड करून पृथ्वीवर येतात. त्यांचा म्होरक्या रॉय बॅटी याला एकच गोष्ट हवी आहे, ती म्हणजे आणखी थोडे आयुष्य. त्यांना शोधून ठार करण्याचे काम डेकार्ड या पोलिसाकडे सोपविले जाते; आणि या ठार करण्याला सरकारी भाषेत 'निवृत्त करणे' असा सौम्य शब्द योजलेला आहे.

या जोडीविषयी परीक्षेत लिहिले जाणारे सर्वसाधारण उत्तर काय असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. मेरी शेली यांच्या काळी विजेच्या प्रयोगांनी युरोप चकित झाला होता. गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाच्या तंगड्या विजेने हलवून दाखविल्या होत्या, आणि त्यांचे भाचे आल्दिनी यांनी १८०३ मध्ये लंडन येथे फाशी गेलेल्या एका इसमाच्या प्रेतावर तसाच प्रयोग केला होता. स्कॉट यांच्या काळी भय होते ते अवाढव्य कंपन्यांचे, दूषित हवेचे आणि संगणकाचे. म्हणजे काळ बदलला तसे भय बदलले. परंतु बोध एकच राहिला, की मनुष्याने परमेश्वराची जागा घेऊ नये. हे उत्तर चुकीचे नाही. मेरी शेली यांनीच आपल्या ग्रंथाला 'आधुनिक प्रॉमिथ्युस' असे दुसरे नाव दिले होते, आणि देवांचा अग्नी चोरणाऱ्या प्रॉमिथ्युसला काय शिक्षा झाली ती सर्वश्रुत आहे.

तथापि हे उत्तर अपुरे आहे असे आम्हांस वाटते. अपुरे अशासाठी, की ते आपणा सर्वसामान्य माणसांना फार सहज सोडून देते. आपल्यापैकी कोणी प्रेतांतून माणूस उभा करणार नाही, कोणी रेप्लिकंटांचा कारखाना काढणार नाही. तेव्हा 'परमेश्वराची जागा घेऊ नका' हा उपदेश आपल्याला नव्हेच, तो शास्त्रज्ञांना आहे, असे म्हणून आपण पुस्तक मिटू शकतो. पण दोन्ही कृती शेजारी ठेवून नीट पाहिल्या तर अपराधाचे खरे स्थान निराळेच आढळते. अपराध घडविण्यात आहे की घडविल्यानंतर जे केले, किंबहुना जे केले नाही, त्यात आहे?

कादंबरीकडे पुन्हा पाहू. डोळे उघडलेल्या त्या प्राण्याने अद्याप कोणतेही पाप केलेले नाही. तो आंधळेपणाने हात पुढे करतो, जसे कोणतेही तान्हे मूल करते. मेरी शेली यांना या प्रसंगाचे मर्म कोठून उमगले असेल हे त्यांच्या चरित्रावरून काहीसे कळते. त्यांची आई मेरी वोल्स्टनक्राफ्ट ही लेकीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबर १७९७ मध्ये, निवर्तली. स्वतः मेरीचे पहिले अपत्य १८१५ साली दिवस भरण्यापूर्वी जन्मले आणि काही दिवसांतच गेले. पुढील वर्षी जिनिव्हाच्या सरोवराकाठी त्यांनी ही कथा रचावयास घेतली तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. जन्म म्हणजे काय, आणि जन्मलेल्या जीवाला जवळ घेणारे कोणी नसणे म्हणजे काय, हे त्या इतक्या कोवळ्या वयात जाणून होत्या. आम्हांस तर ही कादंबरी शास्त्राच्या धाडसाइतकीच पोरकेपणाचीही वाटते.

मेरी शेली यांनी ग्रंथाच्या मुखपृष्ठावर मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्यातील आदामाची तक्रार छापली होती. मला घडव असे मी तुला कधी सांगितले होते, अशा आशयाची ती तक्रार आहे. पुढे तो अनामिक प्राणी तेच महाकाव्य वाचतो आणि आपली स्थिती आदामाच्या स्थितीशी ताडून पाहतो. म्हणजे कादंबरीच्या पोटातही एक तुलना चाललेली आहे, आणि ती आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम आणि हव्वा यांनी आज्ञाभंग केल्यानंतर परमेश्वर त्यांना बागेबाहेर घालवितो हे खरे. पण घालविण्यापूर्वी तो त्यांच्यासाठी चामड्याची वस्त्रे करतो आणि त्यांना घालतो. शिक्षा सुनावणारा हातच त्यांना पांघरूण घालतो. फ्रँकेन्स्टाइनच्या प्राण्याला वस्त्र देणारे कोणी नाही. तो प्रयोगशाळेतून निर्मात्याचेच काही कपडे अंगावर घेऊन रानात जातो, आणि पुढे वाचता येऊ लागल्यावर त्या कपड्यांच्या खिशात त्याला निर्मात्याची दैनंदिनी सापडते. आपण कसे घडलो आणि आपल्याला घडविणाऱ्याला आपली किती किळस आली, हे तो त्या दैनंदिनीत वाचतो. निरपराध जीवाला मिळालेला एवढाच वारसा.

आता चित्रपटाकडे वळू. टायरेल पळून जात नाही. उलट तो आपल्या निर्मितीवर लुब्ध आहे. आपल्या प्रासादतुल्य घरी त्याने रेचेल नावाची एक रेप्लिकंट तरुणी ठेवली आहे. तिला आपण माणूस नाही हे ठाऊकच नाही. टायरेलने स्वतःच्या भाचीच्या आठवणी तिच्या मनात घातल्या आहेत, आईबरोबरचे एक छायाचित्रही दिले आहे. का, तर आठवणींची उशी असली म्हणजे अशा जीवांवर ताबा ठेवणे सोपे जाते. येथे किळस नाही, कौतुक आहे. पण ते कौतुक कारागिराला आपल्या मालाचे असते तसे आहे. कादंबरीतील निर्मात्याने आपल्या निर्मितीकडे पाहण्याचे नाकारले. चित्रपटातील निर्माता तिच्याकडे पाहतो खरा, पण त्याला आपलेच कौशल्य दिसते. दोन्ही ठिकाणी पाहिले जावे अशी आस लावून बसलेला जीव पाहिला जात नाही. नुसती कादंबरी वाचून आपण म्हणालो असतो, की मुलाला झिडकारू नका. चित्रपट शेजारी ठेवल्यावर कळते की झिडकारण्याइतकेच, आपल्या यशाचा नमुना म्हणून मुलाला मिरविणे हेही त्याला पोरके करणेच आहे.

या दोन कृतींत पापकबुलीचे दोन प्रसंग आहेत, आणि ते एकमेकांसमोर ठेवण्याजोगे आहेत. कादंबरीत व्हिक्टरचा लहान भाऊ विल्यम याचा खून होतो. खून त्या प्राण्याने केलेला असतो. पण मुलाच्या गळ्यातील तसबीर जस्टिन या निष्पाप तरुणीच्या खिशात तोच ठेवून देतो. जस्टिन ही घरी कामास ठेवलेली आणि घरच्याच मुलीप्रमाणे वागविलेली. तिला देहान्त शिक्षा होते. तिचा पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू तिला धर्मबहिष्काराची आणि नरकाग्नीची भीती घालतो, इतकी की आपण खरोखरच राक्षसी आहोत असे तिला क्षणभर वाटू लागते. अखेरीस मुक्तिवचन मिळावे म्हणून ती न केलेल्या गुन्ह्याची कबुली देते, आणि ही खोटी कबुलीच आपल्या मनावर सर्वांत जड ओझे होऊन बसली आहे, असे तुरुंगात भेटीस आलेल्या एलिझाबेथला सांगते. खरा खुनी कोण याची व्हिक्टरला खात्री असते. आपल्याला वेडा ठरवतील या विचाराने तो गप्प राहतो, आणि जस्टिन फासावर जाते.

चित्रपटात याच्या उलट घडते. रॉय बॅटी टायरेलच्या शयनगृहापर्यंत पोहोचतो. आयुष्य वाढविणे शक्य नाही हे त्याला शास्त्रीय कारणांसह सांगितले जाते. तेव्हा तो मान खाली घालून, आपल्या हातून गैर गोष्टी घडल्या आहेत असे पुटपुटतो. त्याच्या हातांना रक्त लागलेले आहे आणि त्याला ते बोलून दाखवावयाचे आहे. पण टायरेल ती कबुली ऐकूनच घेत नाही. तू असामान्य गोष्टीही केल्यास, मिळालेल्या काळात आनंद मान, अशा स्तुतीने तो ती उडवून लावतो. क्षणार्धात रॉय त्याचे चुंबन घेतो आणि त्याच हातांनी त्याचे डोळे चेपून त्याला ठार करतो.

एका ठिकाणी निरपराध स्त्रीकडून भीती घालून कबुली वदविली जाते. दुसऱ्या ठिकाणी अपराध्याची खरी कबुली स्तुतीखाली दाबून टाकली जाते. दोन्ही प्रसंगी समोरच्याचे ऐकणारा कान नाही. जस्टिनच्या प्रसंगात एका कॅथलिक धर्मगुरूचे कठोर चित्र रंगविले आहे म्हणून आपण अस्वस्थ व्हावे, पण रागावू नये. मेरी शेली इंग्लंडच्या प्रोटेस्टंट वातावरणात वाढलेल्या होत्या आणि त्या काळच्या इंग्रजी कादंबऱ्यांत कॅथलिकांविषयीचा आकस पुष्कळदा आढळतो, हे खरे. तथापि ज्या संस्कारात प्रभूची क्षमा माणसाच्या कानावर पडावयाची, तोच संस्कार धाकाचे साधन केला तर काय होते, हे जस्टिनच्या तोंडून ऐकण्यात आपले नुकसान नाही. आणि टायरेलचा प्रसंग पाहून आजच्या आईबापांनीही विचार करावा. मुलगा चूक सांगावयास आला असता, 'जाऊ दे रे, तू किती हुशार आहेस' असे म्हणून आपण त्याचे सांत्वन करतो, की त्याच्या सदसद्विवेकाच्या तोंडावर हात ठेवतो?

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. दुःख भोगलेल्याने केलेला गुन्हा क्षम्य होतो काय? विल्यम हे बालक होते. जस्टिनच्या गळ्यात फास त्या प्राण्यानेच अडकविला. चित्रपटातील रॉयने टायरेलला मारले एवढेच नव्हे, तर सेबॅस्टियनलाही मारले. हा सेबॅस्टियन अकाली वार्धक्याच्या रोगाने ग्रासलेला, टायरेलच्या कंपनीतील एकाकी कारागीर. तो स्वतःसाठी खेळण्यांसारखे लहानसे सोबती घडवितो आणि त्यांच्याबरोबर राहतो. तो घरी आला की ते त्याच्या स्वागताला येतात. दोन्ही कृतींत मिळून आपण घडविलेल्यांच्या संगतीत राहणारा हा एकच निर्माता आहे, आणि तो मारला जातो. तेव्हा 'प्रेम मिळाले नाही म्हणून ते असे झाले' एवढे म्हणून भागत नाही. फ्रँकेन्स्टाइनचा प्राणी तसे म्हणतो: मला सुखी कर, मी पुन्हा सद्गुणी होईन. त्याचे बोलणे हृदयद्रावक आहे, पण त्यात एक सौदा आहे. कारण समजले म्हणजे दोष नाहीसा होत नाही. व्हिक्टरचा दोष व्हिक्टरचा, आणि मुलाच्या गळ्यावरील बोटे ज्याची होती त्याचा दोष त्याचा. आपली नीतिपरंपरा या दोहोंची गल्लत करीत नाही. परिस्थितीने अपराधाचा भार हलका होऊ शकतो, पण माणसाचे स्वातंत्र्य ती सर्वस्वी हिरावून घेत नाही.

व्हिक्टरच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. शामोनीच्या हिमनदीवर तो त्या प्राण्याची कहाणी ऐकतो, आणि निर्मात्याची आपल्या निर्मितीविषयी काही कर्तव्ये असतात हे तेथे आपल्याला प्रथमच जाणवले, असे तोच सांगतो. प्राणी एक सहचारिणी मागतो. व्हिक्टर होकार देतो, ऑर्कनी बेटांवर ती घडवू लागतो, आणि मग अशा जीवांची संतती जगाला संकट होईल या विचाराने ती अर्धवट स्थितीतच नष्ट करतो. हा विचार अगदीच त्याज्य नाही. एका जीवाचे ऋण आणि सर्व मनुष्यजातीचे हित यांत खराच पेच आहे. पण त्याला दोनच मार्ग दिसतात: मागेल ते द्यावे किंवा नष्ट करावे. मी स्वतः तुझ्याजवळ राहतो, हा तिसरा मार्ग त्याच्या मनाला एकदाही शिवत नाही. बर्फाळ समुद्रात मृत्युशय्येवर पडलेला असताना तो आपल्या गतायुष्याचा आढावा घेतो आणि आपले वर्तन निंद्य नव्हते असा निर्वाळा देतो. वाचकाला तो निर्वाळा पटत नाही, आणि पटू नये अशीच लेखिकेची योजना असावी.

दोन कृतींचा शेवट मात्र एकमेकांपासून दूर जातो. कादंबरीतील प्राणी निर्मात्याच्या प्रेतापाशी येऊन विलाप करतो आणि स्वतःला जाळून घेण्याच्या निश्चयाने बर्फावरून अंधारात नाहीसा होतो. सूडाचे चक्र थांबते ते दोघेही संपतात म्हणून. चित्रपटात रॉय डेकार्डचा पाठलाग करतो. मृत्यू जवळ आल्याने त्याचा हात आखडू लागला आहे. तो चालता राहावा म्हणून तो तळहातात खिळा खुपसून घेतो. डेकार्ड छपराच्या कडेला लोंबकळतो आणि त्याची पकड सुटते. त्याच क्षणी रॉय तोच खिळा रुतलेला हात पुढे करून त्याला वर ओढून घेतो. मग पावसात बसून, हाती एक कबुतर धरून, आपण पाहिलेल्या अद्भुत गोष्टी आपल्याबरोबर नाहीशा होणार याविषयी चार शब्द बोलून प्राण सोडतो. ते अखेरचे भाषण नट रुटगर हाउअर यांनी स्वतः आटोपशीर करून त्यात भर घातली होती. चित्रपटातील रॉय २०१९ मध्ये मरतो. हाउअर यांचेही निधन जुलै २०१९ मध्येच झाले.

तळहातातील खिळा आणि पांढरे कबुतर पाहून ख्रिस्ती प्रेक्षकाला काय आठवेल हे सांगावयास नको. पण येथे घाई करू नये. रॉय हा ख्रिस्त नव्हे. त्याचे हात रक्ताळलेले आहेत आणि त्याने कोणासाठी प्रायश्चित्त केलेले नाही. चिन्हे दाखविणे सोपे असते. आमच्या मते या प्रसंगाचे मोल अन्यत्र आहे. ज्याच्यावर कोणीही दया केली नाही त्याने आपल्या मारेकऱ्यावर दया केली. 'जसे मिळाले तसेच माणूस देतो' हा सिद्धान्त खरा असता तर हे घडलेच नसते. फ्रँकेन्स्टाइनच्या प्राण्याची बाजू मांडणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही: प्रेम न मिळालेलाही प्रेम करू शकतो. मात्र त्याच दमात हेही म्हटले पाहिजे, की त्या शक्यतेवर विसंबून कोणा निर्मात्याने आपले कर्तव्य टाळू नये. रॉयची दया ही टायरेलची कमाई नव्हती. टाकलेले मूल पुढे सज्जन निघाले, तर त्याचे श्रेय टाकणाऱ्याला जात नाही.

आणखी एक गोष्ट दोन्ही कृतींत समान आहे. कादंबरीत त्या कुरूप प्राण्याशी सौजन्याने बोलणारा एकच मनुष्य भेटतो, तो आंधळा वृद्ध द लासी. डोळस मुलगा येताच काठीने प्रहार करतो. चित्रपटात माणूस आणि रेप्लिकंट ओळखण्यासाठी एक यंत्र आहे. करुण प्रसंग ऐकवून डोळ्यातील बाहुलीची हालचाल त्याने मोजावयाची. ज्याच्या अंतरी करुणा हलत नाही तो माणूस नव्हे, असा त्या परीक्षेचा नियम. परंतु ती परीक्षा घेणाऱ्यांची परीक्षा कोणी घेत नाही. करुणा मोजणारे लोक पळणाऱ्या स्त्रीला पाठीत गोळी घालतात आणि त्याला निवृत्ती म्हणतात. आंधळ्याला दिसले ते डोळसांना दिसले नाही, आणि ज्याला यंत्राने माणसांतून वगळले त्याच्याच ठायी अखेरीस करुणा आढळली. आपण कोणाला 'आपला' म्हणतो आणि कोणत्या खुणांवरून म्हणतो, हा प्रश्न यातून उभा राहतो.

ज्या २०१९ ची कल्पना करून चित्रपट काढला गेला ते वर्ष केव्हाच मागे पडले. रेप्लिकंट आले नाहीत. पण माणसासारखे लिहिणारी-बोलणारी यंत्रे आली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी 'अन्तिक्वा एत नोवा' हे टिपण प्रसिद्ध केले. यंत्राला व्यक्ती मानू नये, आणि त्याच्या करणीचे उत्तरदायित्व माणसानेच वाहिले पाहिजे, असा त्याचा एक मुख्य आशय आहे. घडविलेली वस्तू हातावेगळी झाली म्हणून जबाबदारी हातावेगळी होत नाही, हे व्हिक्टरच्या कथेतून उमगले असेल तर तो आशय विद्यार्थ्याला नवखा वाटणार नाही.

मात्र यंत्रे घडविणारे थोडे आहेत, आणि मुले वाढविणारे आपण पुष्कळ आहोत. आपल्या धर्मग्रामांत मुलांच्या शिक्षणासाठी किती हालअपेष्टा सोसल्या जातात हे आम्ही जाणतो. शुल्क, शिकवणी, शिफारस, परदेशी जाण्याची तयारी; व्हिक्टरने दोन वर्षे घेतली त्याहून कितीतरी अधिक मेहनत आईबाप घेतात. प्रश्न पडतो तो त्या पुढचा. ज्याला आपण इतक्या कष्टाने उभे केले तो डोळे उघडून आपल्यासमोर येतो, आणि आपण योजले होते तसा तो नसतो. कोणी अभ्यासात मागे पडतो, कोणाचे मन ठरविलेल्या व्यवसायात रमत नाही, कोणी आजारी, कोणी अबोल, कोणी वाट चुकलेला. त्या क्षणी आपण व्हिक्टरप्रमाणे आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतो काय? की टायरेलप्रमाणे त्याच्यातील जेवढे मिरविण्याजोगे तेवढ्यावरच नजर ठेवतो? उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातील पित्याने मुलाला दुरून पाहिले, असे शुभवर्तमान सांगते. दुरून दिसावा यासाठी तो वाटेकडे पाहत असला पाहिजे.

इंग्रजीच्या वर्गातील तुलनेची शिस्तही आपल्याला येथे उपयोगी पडेल. त्या शिस्तीत श्रेष्ठ कोण, कनिष्ठ कोण हा प्रश्नच नसतो. आधी प्रत्येक कृती तिच्या स्वतःच्या काळात, तिच्या स्वतःच्या शब्दांत पूर्णपणे ऐकावयाची. साम्य दिसले म्हणून भेद झाकावयाचा नाही, आणि भेद दिसला म्हणून एकीला नापास करावयाचे नाही. मग एकीने दुसरीला विचारलेला प्रश्न लक्षपूर्वक ऐकावयाचा. दोन पुस्तकांना आपण इतके सौजन्य दाखवू शकतो, तर एकाच घरातील दोन मुलांना, दोन सुनांना, दोन भावांना ते का दाखवू नये?

हे दोन्ही निर्माते बुद्धीने थोर होते. उणे होते ते पाहणे, ऐकणे आणि जवळ राहणे. या तीन गोष्टींना प्रयोगशाळा लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही; वेळ आणि धीर मात्र लागतो. घरात कोणी अकरावी-बारावीत इंग्रजी शिकत असेल तर त्याच्याबरोबर हा चित्रपट पाहावा, ही कादंबरी मिळवून वाचावी, आणि जस्टिनच्या तुरुंगातील व टायरेलच्या शयनगृहातील त्या दोन कबुल्यांविषयी त्याला काय वाटते ते विचारावे. विचारल्यानंतर आपण थोडा वेळ काही बोलू नये. त्याला सांगू द्यावे.